आधी गाय, मग हॉल, मग किचन

वेल्समधली जुनी शेतघरं कुठल्याही आर्किटेक्टनं डिझाइन केली नाहीत. ती डिझाइन केली पावसानं, उतारानं आणि गोठ्यातल्या गायींनी. पाचशे वर्षं टिकलेल्या या घरांची ही सैर, आणि त्यात पुढे कोण राहणार या प्रश्नाचीही.

नवीन फ्लॅट बघायला गेलं की आपले प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट किती, पार्किंग कव्हर्ड आहे का, सकाळचं ऊन कुठल्या खोलीत येतं आणि ईएमआय किती बसेल. ब्रोशरवर ‘स्पेशियस लिव्हिंग’ असं लिहिलेलं असतं आणि सोफा ठेवला की ते लिव्हिंग संपतं.

आता जरा हे ब्रोशर वाचा. ‘मुख्य दरवाजा एकच. आत शिरलात की एका बाजूला गायी, दुसऱ्या बाजूला फॅमिली. मधोमध शेकोटी, चिमणी नाही. खिडक्या आहेत, काच नाही. जमीन मातीची. पझेशन तात्काळ.’ कोण करेल बुकिंग?

गंमत म्हणजे वेल्सच्या डोंगरांत कित्येक पिढ्या अशाच घरांत राहिल्या, आणि त्यांना त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला, जेमतेम एकतीस लाख लोकवस्तीचा हा देश. किल्ल्यांसाठी, रग्बीसाठी आणि उच्चारताना जीभ गाठ मारणाऱ्या गावांच्या नावांसाठी प्रसिद्ध. मी कामानिमित्त कार्डिफमध्ये होते, तेव्हा मलाही आधी किल्लेच बघायचे होते. दोन किल्ल्यांनंतर मात्र कंटाळा आला. किल्ला राजा कसा लढला ते सांगतो. माणसं कशी जगली, काय खाऊन कुठे झोपली, हे कळायला शेतकऱ्याचं घरच बघावं लागतं.

एका सुताराच्या मुलाचा हट्ट

ही घरं एका जागी बघायची असतील तर कार्डिफच्या वेशीवरचं सेंट फॅगन्स गाठायचं. हे म्युझियम आहे, पण काचेच्या पेटीतलं नाही. शंभर एकरांच्या झाडीत चाळीसहून जास्त खऱ्याखुऱ्या इमारती उभ्या आहेत: शेतघरं, कामगारांच्या चाळी, प्रार्थनाघर, शाळा, दुकान. वेल्सच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून प्रत्येक इमारत उतरवली गेली, तिच्या तुळया आणि दगडांवर नंबर टाकले गेले आणि इथे आणून ती पुन्हा जोडली गेली. म्हणजे प्रत्येक घर एक प्रचंड मोठं जिगसॉ पझल.

हा उद्योग ज्यानं सुरू केला त्याचं नाव योरवर्थ पीट. जन्म १९०१चा, वडील सुतार, स्वतः वेल्श भाषेतला कवी. १९४० मध्ये त्यानं वेल्समधल्या घरांवर एक पुस्तक लिहिलं. युद्ध चालू असताना, लंडनवर बॉम्ब पडत असताना हा माणूस शेतकऱ्यांच्या झोपड्यांची मोजमापं छापत होता! स्वीडनमध्ये १८९१ साली स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ नावाचं खुल्या आकाशाखालचं म्युझियम सुरू झालं होतं. तसं वेल्समध्येही हवं, हा त्याचा हट्ट. एका उमरावानं सेंट फॅगन्सचा वाडा आणि बाग देऊन टाकली आणि १९४८ मध्ये म्युझियमचं दार उघडलं. पीट त्याचा पहिला क्युरेटर. २०१९ मध्ये या म्युझियमला ब्रिटनमधला ‘म्युझियम ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. प्रवेश मात्र आजही फुकट.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती दोन तासांत बघून होईल अशा हिशेबानं. नंतर आणखी दोन शनिवार खर्ची पडले.

उतार, पाऊस आणि गाय

सुरुवात ‘टी हीर’पासून करू या. वेल्शमध्ये ‘टी’ म्हणजे घर आणि ‘हीर’ म्हणजे लांब. लांब घर, म्हणजेच लाँगहाऊस. सेंट फॅगन्समधलं किलेवेंट हे शेतघर या जातीचं. ते मध्य वेल्समधल्या क्लेअरवेन खोऱ्यातलं. मुळात पंधराव्या शतकातलं लाकडी घर, १७३४ मध्ये दगडात पुन्हा बांधलेलं.

बाहेरून बघितलं तर एक लांबलचक दगडी पेटी. आत गेल्यावर प्लॅन कळतो. एकाच आढ्याखाली एका टोकाला माणसं, दुसऱ्या टोकाला जनावरं, आणि आत यायची वाट दोघांनाही एकच. वेल्श भाषेत गोठ्याला म्हणतात ‘बेइदी’. घर आणि गोठा यांच्यामधल्या वाटेवर उभं राहून गव्हाणीत चारा टाकता येतो. थंडीच्या रात्री, बाहेर वारा घोंगावत असताना गाय व्यायला आली, तर कंदील घेऊन चिखल तुडवत जायची गरज नाही. दोन पावलं टाकली की तुम्ही गोठ्यात. आपण ज्याला ‘वॉक टू वर्क’ म्हणतो तो हाच!

शिवाय जनावरं म्हणजे फुकटचं हीटिंग. मोठं जनावर बऱ्यापैकी ऊब सोडत असतं. ती वाया का घालवायची?

वासाचं काय, असं तुम्ही विचाराल. मीही तेच म्हणत होते. त्याचं उत्तर घराच्या जागेत सापडतं. डोंगराळ भागातली ही जुनी घरं उताराला आडवी नसतात, उताराच्या दिशेनं लांब असतात. वरच्या अंगाला डोंगर खणायचा, ती माती खालच्या अंगाला भरायची, आणि असा सपाट ओटा करून त्यावर घर उभं करायचं. माणसांची बाजू वर, गोठा खाली. त्यामुळे गोठ्यातलं सगळं पाणी, मूत, शेण आपोआप उताराकडे जातं, माणसांकडे येत नाही. वरून घरंगळत येणाऱ्या पावसाच्या पाण्याला भिंतीच्या मागे चर खणून वळवायचं. आडव्या घराची लांब भिंत वरून येणारं सगळं पाणी झेलत राहिली असती. या घराची डोंगराकडे असते ती फक्त अरुंद बाजू.

इथे पाऊस किती? उत्तरेकडच्या एरीरीच्या, म्हणजे ज्याला जग स्नोडोनिया म्हणून ओळखतं त्या डोंगरांत, काही ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त. त्यातही तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बारा महिने रेंगाळतो. अशा ठिकाणी घर बांधताना पहिला प्रश्न व्ह्यूचा नसतो. पहिला प्रश्न असतो पाणी जाणार कुठून.

झाड वाकडं, म्हणून घर सरळ

दुसरं घर मला जास्त आवडलं. नाव ऐका: हेन्द्रेर-इविद इखाव. उत्तर वेल्समधलं, १५०८ सालचं. शाकारलेलं छप्पर, लाकडी सांगाडा आणि कुडाच्या भिंती.

नावातला ‘हेन्द्रे’ हा शब्द महत्त्वाचा. वेल्समधले शेतकरी पूर्वी वर्षातून दोन घरं वापरायचे. हिवाळ्यात दरीतलं पक्कं घर, ते ‘हेन्द्रे’. उन्हाळ्यात गुरं घेऊन वर डोंगरावरच्या कुरणात जायचं, तिथली साधी झोपडी म्हणजे ‘हावोद’. आजही वेल्सच्या नकाशावर हे दोन शब्द जागोजागी दिसतात. नकाशा वाचता वाचता कुठली वाडी थंडीची आणि कुठली उन्हाळ्याची ते कळतं.

या घराचं रहस्य त्याच्या सांगाड्यात आहे. एक वाकडं ओकचं झाड निवडायचं. ते उभं चिरलं की दोन सारखे वाकडे भाग मिळतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखे. ते दोन्ही जमिनीपासून आढ्यापर्यंत समोरासमोर उभे करून वर जोडायचे. झाली एक कमान. इंग्रजीत याला ‘क्रक’ म्हणतात. अशा कमानी ओळीनं उभ्या करायच्या, दोन कमानींच्या मधला एक खण. जितके खण तितकं घर मोठं.

याचा फायदा? छपराचा सगळा भार कमानींवर येतो, भिंतीवर काहीच नाही. भिंत म्हणजे नुसता आडोसा. कूड खराब झाला, काढून टाका, दगड लावा, छपराला धक्का नाही. म्हणूनच वेल्समध्ये अनेक ठिकाणी बाहेरून अठराव्या शतकातलं दगडी दिसणारं घर आत शिरल्यावर पंधराव्या किंवा सोळाव्या शतकाच्या कमानी दाखवतं. मोबाइलचं कव्हर बदललं म्हणून मोबाइल नवा होत नाही, तसंच.

आणि १५०८ हा आकडा कुठून आला? कागदपत्रातून नाही. लाकडातून. झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय तयार होतं. चांगल्या पावसाच्या वर्षी जाड, दुष्काळी वर्षी बारीक. या जाड-बारीक वलयांचा क्रम म्हणजे एक प्रकारचा बारकोड. तुळईला बारीक भोक पाडून नमुना काढायचा आणि तो आधीच तारखा ठरलेल्या क्रमाशी जुळवायचा. साल जिथे होती ती बाहेरची कड शाबूत असेल तर झाड कुठल्या वर्षी, कधीकधी कुठल्या ऋतूत पाडलं तेसुद्धा सांगता येतं. त्या काळी ओक ओला असतानाच वापरायचे, कारण वाळल्यावर तो लोखंडासारखा कडक होतो. म्हणजे झाड पाडलं त्याच्या आगेमागे घर उभं राहिलं असणार. मालकाचं नाव कुणाला आठवत नाही, पण त्याचं झाड कधी पडलं ते पक्कं माहीत आहे.

चिमणी आली आणि सासू-सून वेगळ्या झोपू लागल्या

हेन्द्रेच्या घरात उभं राहिलं की आधी डोळ्यांना अंधार जाणवतो, मग नाकाला धूर. हॉलच्या मधोमध जमिनीवर शेकोटी. चिमणी नाही. धूर वर चढतो, छपरात रेंगाळतो आणि शाकारणीतून, फटींतून वाट मिळेल तसा बाहेर पडतो. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज. वारा ज्या बाजूनं असेल तिकडची फळी बंद करायची.

अशा घरात वरचा मजला असूच शकत नाही. वर धूर असतो ना! म्हणून सगळं घर म्हणजे एकच उंच हॉल. स्वयंपाक, जेवण, झोप, भांडण, पाहुणे, बाळंतपण, सगळं एकाच छताखाली आणि एकमेकांच्या डोळ्यांसमोर. ‘ओपन प्लॅन’ म्हणून आज आपण ज्याचे जास्तीचे पैसे मोजतो, त्याची ही मूळ आवृत्ती.

मग सोळाव्या शतकात चिमणी आली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लिफ्ट आल्यावर शहराचं जे झालं तेच चिमणीमुळे घराचं झालं. धूर एका दगडी नळातून बाहेर जाऊ लागला आणि वरची सगळी हवा मोकळी झाली. लोकांनी जुन्या हॉलमध्ये मधे तुळया टाकून माळा केला. माळ्याच्या खोल्या झाल्या. खोल्यांना दारं आली. मालक-मालकिणीला स्वतःची खोली मिळाली, धान्य कोरडं राहू लागलं. अशा रूपांतरित घरांत वरच्या मजल्यावर गेलात तर छपराच्या तुळया काळ्याकुट्ट दिसतात. ती त्या जुन्या, चिमणीपूर्व शेकोटीची काजळी.

बदल किती झपाट्यानं झाला ते बघायचं तर सेंट फॅगन्समध्येच थोडं पुढे चालायचं. तिथे एरीरीजवळच्या वाउनवावर गावातलं ‘गारेग वाउर’ उभं आहे, १५४४ सालचं. हेन्द्रेच्या घरानंतर फक्त छत्तीस वर्षांनी बांधलेलं. दगडी, दोन मजली, दोन्ही टोकांना चिमण्या. एक घर मध्ययुगातलं वाटतं, दुसऱ्यात आपण आजही सामान टाकून राहायला जाऊ शकतो. एका पिढीत एवढा फरक! आपल्या आजीच्या चाळीतली खोली आणि आपला टू बीएचके यांच्यात असतो तेवढा.

हातात येईल तो माल

पीट यांना लाँगहाऊस हेच वेल्सचं अस्सल, मूळ घर वाटायचं. पुढच्या अभ्यासकांनी चित्र जास्त गुंतागुंतीचं केलं. पीटर स्मिथ यांनी १९७५ मध्ये वेल्सच्या ग्रामीण घरांवर जाडजूड ग्रंथ काढला आणि कुठल्या प्रकारचं घर कुठे सापडतं याचे नकाशेच मांडले. त्यातून दिसतं की ‘वेल्श घर’ असं एकच काही नाही. जिथे जे हाती येईल त्याचं घर.

इंग्लंडच्या सीमेकडे पूर्वेला ओकची जंगलं, म्हणून तिथे काळ्या-पांढऱ्या चौकटींची लाकडी घरं. सेंट फॅगन्समधलं १६७८ सालचं आबेरनोद्विद हे त्यातलंच. वायव्येला डोंगर, म्हणून दगड. नैर्ऋत्येला चांगला दगडही नाही आणि लाकूडही कमी, म्हणून माती. तिथे चिकणमाती, पेंढा आणि बारीक खडी कालवून थरावर थर चढवायचे. या मातीला ‘क्लोम’ म्हणतात. १७७०च्या सुमाराचं नान्त वाल्टर हे शेतमजुराचं घर असं बांधलंय. भिंती इतक्या गोलसर की घर बांधलं नसून मळलंय असं वाटतं. खाली दगडी जोतं आणि वर पुढे आलेली शाकारणी, हे दोन असलं की मातीची भिंत शेकडो वर्षं टिकते. यातलं एक जरी गेलं की दोनचार पावसाळ्यांत विरघळते.

सगळ्यात फोटोजेनिक घर म्हणजे केनिक्स्टन. दक्षिणेकडच्या गॉवर द्वीपकल्पातलं, १६१० मध्ये बांधलेलं आणि पुढच्या दीडशे वर्षांत दोनदा वाढवलेलं. अख्खं घर लालभडक. हा रंग कुठल्याही पेंट कंपनीच्या शेडकार्डातला नाही, तो भुताखेतांना घाबरवण्यासाठी आहे. दुष्ट शक्ती लाल रंगापासून लांब राहतात, अशी समजूत. बागेत लाल फळांचं रोवनचं झाडही त्याच कामासाठी. आत शेकोटीला लागूनच झोपायची जागा, कपाटात बसवल्यासारखी. घरातली सगळ्यात उबदार जागा कुठली हे त्या लोकांना थर्मामीटरशिवाय कळत होतं.

आणि वन रूम किचनवाल्यांनी ल्लाइनवादिन चुकवायचं नाही. १७६२ सालचं, पाटीच्या दगडाच्या खाणींच्या प्रदेशातलं छोटं घर. तिथल्या खाणींनी जगाला छपरं पुरवली. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्या परिसराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या घराच्या भिंतीत माणसाच्या कमरेएवढे धोंडे आहेत. आत एकच खोली. पण एका टोकाला दोन बंदिस्त पलंग, लाकडी कपाटासारखे, त्यांच्या पाठीनंच पार्टिशन केलेलं. आणि पलंगांच्या वर अर्धा माळा, शिडी लावून चढायचा. हा ‘क्रोगलॉफ्ट’. मुलं तिथे झोपायची. आज इंटिरियर डिझायनर ‘स्पेस सेव्हिंग मेझनीन’ म्हणून आपल्याला जे विकतो, ते तिथे अडीचशे वर्षांपूर्वी सुतारानं दोन फळ्यांत केलं होतं.

एक रात्र, एक घर

यांत एक प्रकार म्युझियममध्ये नाही तर लोकांच्या तोंडी जास्त सापडतो. ‘टी इन्नोस’, म्हणजे एका रात्रीचं घर. समजूत अशी की गावाच्या सामाईक जमिनीवर सूर्यास्तानंतर बांधायला घेतलं आणि उजाडताना चिमणीतून धूर निघाला, तर ते घर तुमचं. दारात उभं राहून कुऱ्हाड फेकायची, ती पडेल तिथपर्यंत तुमची जमीन.

कायद्यात असं काही कधीच नव्हतं. पण भूमिहीन माणसाचा त्यावर विश्वास होता. मित्र, नातेवाईक आधीपासून सामान लपवून ठेवायचे, रात्रभर राबायचे, गवताच्या ढेकळांच्या भिंती रचायचे. सकाळी धूर निघाला की आनंद! पुढे सवड मिळेल तशी दगडाची भिंत चढायची. वीस वर्षांच्या होमलोनखाली वाकलेल्या आपल्या पिढीला ही स्कीम ऐकून हेवा वाटणारच. पण त्यामागची गरज बघितली की हसू ओसरतं. ज्याच्याकडे घर नाही, तो एका रात्रीचासुद्धा कायदा बनवतो.

सिमेंटनं केलेला घात

पाचशे वर्षं टिकलेल्या या घरांचं विसाव्या शतकात सगळ्यात जास्त नुकसान कशानं झालं असेल? पावसानं नाही. बऱ्याच घरांच्या बाबतीत उत्तर आहे सिमेंट.

जुनी दगडी भिंत म्हणजे बाहेर एक थर, आत एक थर आणि मध्ये चुरा आणि माती. जाडी दोन ते तीन फूट. दगड जोडायला माती किंवा चुना आणि वरून चुन्याचा हात. अशी भिंत पाणी पूर्ण अडवत नाही. पाऊस पडला की थोडं पाणी घेते, वारा सुटला की सोडते. लोक म्हणतात भिंत श्वास घेते, ते यासाठी. चुना दगडापेक्षा मऊ असतो, म्हणून झीज झाली तर चुन्याची होते, दगड वाचतो. दर काही वर्षांनी पुन्हा चुना फासायचा, की झालं.

मग सिमेंट आलं. स्वस्त, झटपट आणि ‘मेंटेनन्स फ्री’. लोकांनी चुना खरवडून सिमेंटचा गिलावा चढवला. पण घर जरा हललं की सिमेंटला बारीक भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जातं आणि मग बाहेर पडायला वाटच उरत नाही. आत बुरशी, ओल, आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजून भुसा. चार पिढ्यांनी वापरलेली, कधी न गळलेली भिंत एका दुरुस्तीनं आजारी पडते. म्हणून आता वेल्समध्ये जुनं घर घेणारा माणूस पहिलं काम काय करतो, तर सिमेंट फोडतो आणि चुन्याचा कारागीर शोधतो.

या घरांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचं नावच ‘कादू’ आहे. वेल्शमध्ये त्याचा अर्थ जपणं. वेल्समधल्या तीस हजारांहून जास्त इमारती संरक्षित यादीत आहेत. यादीतल्या घराची खिडकी बदलायचीय? आधी परवानगी. काही मालक वैतागतात. पण याच वैतागामुळे पाचशे वर्षांपूर्वीचं दार अजून त्याच बिजागरीवर फिरतंय.

दिवे लागत नाहीत ती घरं

इथपर्यंत गोष्ट दगड, लाकूड आणि चुन्याची होती. खरा पेच पुढे आहे, आणि तो माणसांचा आहे.

वेल्समध्ये शेतघर जाणं म्हणजे नुसती इमारत जाणं नसतं, हे समजायला ट्रवेरिनची गोष्ट पुरेशी आहे. उत्तरेकडच्या त्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचं वेल्श बोलणारं गाव होतं. शेतघरं, शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेनं धरणाला मंजुरी दिली. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानंही बाजूनं मत दिलं नव्हतं. १९६५ मध्ये गाव पाण्याखाली गेलं. लिव्हरपूलच्या महापालिकेनं माफी मागितली ती २००५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी. पश्चिम किनाऱ्याजवळच्या रस्त्याकडेला एका पडक्या घराची भिंत आहे, तिच्यावर ‘ट्रवेरिन आठवा’ अशा अर्थाचे दोन वेल्श शब्द रंगवले आहेत. कुणी ते पुसले तर लोक पुन्हा रंगवतात. वेल्समधली सगळ्यात प्रसिद्ध भिंत कुठल्या राजवाड्याची नाही. एका पडीक घराची आहे.

आता गावं पाण्याखाली जात नाहीत. ती वीकएण्डला भरतात आणि सोमवारी रिकामी होतात. एरीरीजवळ मी एका लाँग वीकएण्डला राहिले ती जागा मूळचा गोठाच होता. जिथे गव्हाण होती तिथे किंग साइज बेड, दगडी भिंतीवर स्पॉटलाइट, कोपऱ्यात कॉफी मशीन. एकदम ढिंच्यॅक. संध्याकाळी फिरायला बाहेर पडले तर आजूबाजूची बहुतेक घरं अंधारात, दारापाशी चावीची ती आकडे फिरवायची छोटी डबी. रस्त्यात भेटलेल्या बाईंनी सांगितलं की त्यांचा मुलगा लग्नानंतर तीस मैलांवर राहायला गेला, कारण गावात घर परवडत नाही.

जुनं शेतघर बाहेरच्या माणसासाठी स्वप्न असतं. शहरातला पगार असेल तर स्वप्न विकतही घेता येतं. स्थानिक शिक्षक, सुतार, शेतकऱ्याचा मुलगा त्या किमतीला पोहोचत नाही. तो गेला की शाळेतली मुलं कमी होतात, शाळा बंद पडते, आणि तिच्याबरोबर भाषा हलते. २०२१च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलता येणारे लोक १७.८ टक्के होते. ग्वीनेद जिल्ह्यात मात्र ६४.४ टक्के. म्हणजे भाषा जिथे खऱ्या अर्थानं घरात, दुकानात, गोठ्यात बोलली जाते तो हाच डोंगराळ पट्टा, आणि हॉलिडे होमची मागणीही इथेच.

यावरून पूर्वी राग पेटलाही होता, अगदी शब्दशः. १९७९च्या अखेरीपासून पुढे दहाएक वर्षांहून अधिक काळ एका गुप्त गटानं बाहेरच्यांची दोनशेहून जास्त सुट्टीची घरं आणि मालमत्ता पेटवली. आता लढाई कायद्याची आहे. एप्रिल २०२३ पासून वेल्समधल्या स्थानिक परिषदांना सेकंड होमवर नेहमीच्या करावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. ग्वीनेदनं त्या वर्षी १५० टक्के लावला. यानं घरं स्वस्त होतील की नुसती विकली जातील, यावर तिथे दर पबमध्ये वाद आहे. पर्यटनावर पोट असलेले लोकही स्थानिकच आहेत, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं.

नावांचंही तसंच. ‘हेन्द्रे’ किंवा ‘हावोद’ काढून नवा मालक इंग्रजीत ‘अमुक कॉटेज’ अशी गोड पाटी लावतो. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो. पण त्या एका शब्दात इथे माणसं हिवाळ्यात राहायची की उन्हाळ्यात, हे लिहिलेलं असतं. ते पुसलं जातं. २०१६च्या कायद्यानं वेल्समध्ये ऐतिहासिक स्थळनामांची अधिकृत यादी करायची ठरली आणि पुढच्या वर्षी ती सुरू झाली. ती नाव बदलायला बंदी करत नाही, पण जुनं नाव नोंदलेलं राहतं.

मला वाटतं, सेंट फॅगन्सनं चाळीस घरं वाचवली हे मोठंच काम आहे. पण ती घरं आता कुणाची नाहीत. तिथे थंडीत कर्मचारी शेकोटी पेटवतात, ओल धरू नये म्हणून. म्युझियममधल्या घरालासुद्धा ऊब लागते. मग ज्या घरांना कर्मचारी नाहीत, त्यांना ती द्यायला कुणीतरी राहतं माणूसच हवं: वर्षभर, सोमवारीसुद्धा, चुन्याचा डबा आणि घराचं जुनं नाव सांभाळून.

पुढच्या वेळी फ्लॅट बघायला जाल तेव्हा कार्पेट एरिया जरूर विचारा. पण त्याआधी खाली उतरून, पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते एकदा बघून घ्या. किलेवेंटच्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न तोच होता.

जाणार असाल तर

• सेंट फॅगन्स कार्डिफच्या मध्यवस्तीपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. शहरातून बस मिळते. प्रवेश फुकट, गाडी नेलीत तर पार्किंगचे पैसे पडतात. अर्धा दिवस पुरत नाही, सकाळीच पोहोचा.

• शेतघरांसाठी क्रम असा ठेवा: आधी हेन्द्रेर-इविद इखाव, मग गारेग वाउर, मग किलेवेंट. चिमणीच्या आधीचं आणि नंतरचं जग लगेच कळतं. केनिक्स्टनचा फोटो ढगाळ दिवशीच जास्त छान येतो, आणि वेल्समध्ये ढगांचा तुटवडा नाही.

• वेळ असेल तर मर्थर टिडविलहून आणलेली लोखंड कामगारांची घरांची ओळ बघा. प्रत्येक घर वेगळ्या काळातलं सजवलंय, १८०५ पासून १९८५ पर्यंत. एकाच आकाराच्या घरात पावणेदोनशे वर्षांत काय काय बदललं ते पंधरा मिनिटांत दिसतं.

• उत्तरेला गेलात तर पेनमाख्नोजवळचं टी माउर वीबरनान्त हे शेतघर गाठा. १५८८ मध्ये पूर्ण बायबल वेल्श भाषेत आणणारे बिशप विल्यम मॉर्गन यांचं हे जन्मस्थान. घर साधं आणि दरी शांत आहे.

• दारं बुटकी आहेत. डोकं सांभाळा!